टाळ्यांसाठी सोडलेली जागा

ऑपरेटरला पिक्चर कमी दिसतो आणि डोकी जास्त दिसतात. केबिनच्या भिंतीला दोन चौकोनी खिडक्या असतात, एक प्रोजेक्टरची आणि एक आपली. आपल्या खिडकीतून आधी बाल्कनीतली डोकी, मग खालची, आणि सगळ्यांच्या पलीकडे पडदा. महाडच्या आमच्या टॉकीजमध्ये मी अडतीस वर्षं ही डोकी बघितली. कोण झोपलंय, कोण रडतंय, कुठल्या दोन डोक्यांचं आपसात जुळलंय, हे मला पाठीमागून कळायचं. चेहरे मात्र फारसे ओळखीचे झाले नाहीत. बाजारात कोणी नमस्कार केला की मी गोंधळायचो, आणि तो पाठ फिरवून चालू लागला की ओळख पटायची.

या अंकाच्या संपादकांनी धंद्यातल्या गमती लिहायला सांगितल्या. गमती आहेत. रिळांच्या काळात एकदा मी चौथं रीळ तिसऱ्याच्या आधी लावलं. खलनायक आधी मेला आणि मग त्याने नायिकेला पळवलं. खेळ सुटल्यावर एक हेडमास्तर वर येऊन म्हणाले, "कथेची मांडणी फार वेगळी आहे हो." मी आभार मानले. असं बरंच काही सांगता येईल. पण लिहायला बसलो की मला एकच बाई आठवते, आणि एकच पिक्चर. तेव्हा तेच लिहितो.

त्या पिक्चरचं नाव लिहीत नाही. त्याचे चाहते फार आहेत आणि त्यातले बरेच माझ्या ओळखीचे आहेत. हल्ली मोठा पिक्चर एकटा येत नाही, भावंडं घेऊन येतो. हा चौथा भाग होता. पहिले तीन बघितलेले नसतील तर यातलं निम्मं कळत नाही. नायक एका भिंतीवरच्या जुन्या घड्याळाकडे बघतो आणि अर्धं थिएटर खुर्चीवर उभं राहतं. उरलेलं अर्धं एकमेकांना विचारतं, काय झालं? घड्याळात काय होतं?

ही विचारणारी माणसं मध्यंतरात तिकीट खिडकीवर इसाकभाईंना गाठायची. इसाकभाई आमचे बुकिंग क्लार्क, माझ्याहून चार वर्षांनी मोठे, तोंडाने फटकळ. ते एक दिवस वैतागून मला म्हणाले, "जाधव, मी तिकिटं विकू का कथा सांगू?" म्हणून मी एका कागदावर मागच्या तीन भागांची गोष्ट दहा ओळींत लिहून खिडकीशेजारी चिकटवली. दुसऱ्या दिवशी चाहत्यांनी तिच्यात पेनाने अठरा दुरुस्त्या केल्या होत्या. एकाने तळाला लिहिलं होतं, "ज्यांना माहीत नाही त्यांनी येऊ नये."

वितरकाच्या ऑफिसातल्या पोराने मला फोनवर शब्द शिकवला. "काका, याला फॅन सर्व्हिस म्हणतात. चाहत्यांची खास सोय. जुनी माणसं, जुने डायलॉग परत आणायचे. बाकीच्यांना नाही कळलं तरी चालतं."

या चौथ्या भागात सगळ्यात मोठी सोय शेवटाकडे होती. पहिल्या भागात नायकाला अनाथाश्रमातून घेऊन जाणारा एक म्हातारा होता. त्याचं काम करणारा नट मध्यंतरी वारला. खराच वारला, आजारपणाने. तर या भागात त्याला कॉम्प्युटरवर पुन्हा तयार केला होता. नायक जखमी होऊन पडलाय, बाहेर पाऊस आहे, दार उघडतं. दारात कोणीतरी उभं. उजेड त्याच्या पायांपासून हळूहळू वर चढतो आणि चेहऱ्यावर येऊन थांबतो. मग संगीत बंद होतं. तो सरळ समोर, म्हणजे आपल्याकडे बघतो. सात सेकंद. मी मोजले आहेत. मग तो पहिल्या भागातलंच वाक्य बोलतो, "चलो, बहुत देर हो गई."

आमच्या वेळी लोक टाळ्या वाजवायचे आणि पुढचे संवाद त्यात बुडायचे. आताचे पिक्चर काढणारे हुशार आहेत. टाळ्या कुठे पडणार ते त्यांना आधीच ठाऊक असतं, म्हणून तिथे ते जागा सोडतात. पहिल्या दिवशी ते सात सेकंद पुरले नाहीत. शिट्ट्यांनी माझ्या खिडकीची काच थरथरली. एमआयडीसीतला एक चांगला तिशीचा गडी पायरीवर बसून हमसून रडला. तो नऊ वेळा आला. मी त्याला विचारलं तर म्हणाला, "काका, वडील परत आल्यासारखं वाटतं." यात हसण्यासारखं काही नव्हतं. पहिला आठवडाभर म्हाताऱ्याचं ते वाक्य एकदाही कोणाला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात पाऊस वाढला आणि बाराच्या खेळाची गर्दी ओसरली. यायचे ते रात्रपाळी करून आलेले कामगार. ते थंडाव्याला झोपायला यायचे. टोप्या नाकावर ओढून, पाय पुढच्या खुर्चीवर. अशा सात-आठ झोपलेल्या माणसांत मला एक जागं डोकं दिसायला लागलं. पदर घेतलेलं, मधल्या रांगेच्या टोकाला, ताठ.

इसाकभाईंनी सांगितलं, ती यशोदाबाई. पोलादपूरच्या पुढे कशेडी घाटाच्या पायथ्याशी तिची वाडी. नवऱ्याला सोमवारी आणि गुरुवारी समोरच्या दवाखान्यात डायलिसिसला आणायची. चार तास लागायचे. नातेवाइकांना आत बसू देत नसत आणि बाहेरचा व्हरांडा पावसात गळायचा. दोनदा ती भिजून काकडताना दिसली, तेव्हा इसाकभाईंनीच हाक मारली, "बाई, आत येऊन बसा, कोरडं तरी आहे." ती पिक्चर बघायला आलीच नव्हती. याआधीचा पिक्चर तिने लग्नानंतर कधीतरी जत्रेतल्या तंबूत बघितला होता.

तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी खेळ सुटल्यावर ती जिना चढून केबिनच्या दाराशी आली.

"भाऊ, तुमीच लावता ना हा शिनेमा?"

"हो. का?"

"तो दारातला म्हातारा माज्याकडं का बघतो?"

मी हसलो. "तो सगळ्यांकडेच बघतो, बाई."

"सगली झोपलेली असतात," ती म्हणाली. "जागी मी एकटीच. तो थांबतो, बघत रवतो, मग बोलतो, चला, उशीर झाला. पापनी पन लवत नाय त्याची."

हे मला माहीत नव्हतं. पुढच्या खेळाला मी मुद्दाम बघितलं. खरंच लवत नव्हती. कॉम्प्युटरवाल्यांची चूक असेल किंवा घाई. शिट्ट्यांच्या गदारोळात ती कोणाच्या ध्यानात येणारही नव्हती. पण हॉल शांत असताना, वर पत्र्यावर पाऊस वाजत असताना, दारात उभा असलेला तो माणूस न लवत्या डोळ्यांनी वाट बघत थांबायचा, आणि शिट्टी न आल्यामुळे ते थांबणं फार लांब व्हायचं. मग ते वाक्य. इतकं स्पष्ट की कोणी कानाशी बोलावं. मी ते वाक्य असं पहिल्यांदाच ऐकलं आणि केबिनचा दिवा लावून बसलो.

गुरुवारी तिला मी सगळं समजावून सांगितलं. माझी चूक झाली असेल तर ती इथे. मला वाटलं, धंद्यातली गोष्ट उघड करून सांगितली की भीती जाते. मी म्हटलं, बाई, हा नट होता. काही वर्षांपूर्वी वारला. लोकांना फार आवडायचा, म्हणून मशिनवर त्याचा चेहरा बनवून परत आणलाय. आणि तो थांबतो ना, ती लोकांनी ओरडावं, टाळ्या वाजवाव्यात यासाठी सोडलेली जागा आहे.

तिने माझ्या मशीनकडे बघितलं. मग म्हणाली, "मंजे मेलेला हाय तो."

"हो."

"आन तरी येतो."

"तसं नाही, बाई, ते चित्र आहे..."

"टाल्या तर कोन वाजवीत नाय आता. मंग थांबतो कोनासाटी?"

ती जिना उतरून दवाखान्यात गेली.

चौथ्या आठवड्यातल्या सोमवारी त्या सात सेकंदांच्या जागेला मी खिडकीशी उभा होतो. उजेड म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर आला आणि मधल्या रांगेतलं ते डोकं उठून उभं राहिलं. तिने हात जोडले नाहीत, काही नाही. बाजारात भाव नाकारावा तशी मान हलवली आणि काहीतरी बोलली. केबिनमध्ये पिक्चरचा आवाज छोट्या स्पीकरवर येतो, हॉलमधलं बोलणं काचेतून येत नाही. मला फक्त मान हललेली दिसली. मग ती खाली बसली. झोपलेल्यांपैकी कोणीही हललं नाही.

खेळ सुटल्यावर मी खाली जाऊन विचारलं. ती सहज म्हणाली, "सांगितलं त्याला. ह्यांचं नाव घेतलं नि सांगितलं, आज नाय. लगीन झाल्यापासून कधी ह्यांचं नाव घेतलं नव्हतं तोंडातनं. इथं घेतलं."

लोक देवळात नवस बोलतात, कोणी दर्ग्यावर चादर चढवतं. हिला आमचं टॉकीज सापडलं, एवढंच मी मनाशी म्हटलं.

पण त्याच गुरुवारी ती धापा टाकत वर आली. दवाखान्यात ह्यांचा बीपी एकदम खाली गेला होता, डोळे फिरवले होते, नर्सबाईंनी धावाधाव केली आणि मग सावरले. "आवो, किती वाजता येतो तो म्हातारा?"

मी रजिस्टर बघितलं. खेळ बारा पाचला सुरू झाला होता. हिशोब केला. "दोन पंचवीसला."

"नर्स पन तेच म्हनली. अडीच व्हायला आले व्हते." ती भिंतीला टेकली. "मी सांगितलं व्हतं त्याला. म्हनून सोडलं ह्यांना."

मी दुसरी एखादी वेळ सांगू शकलो असतो. एक तास इकडे-तिकडे. पण अडतीस वर्षं खेळाची वेळ खरी सांगायची सवय, तोंडातून खरंच निघालं.

त्याच दिवशी पिक्चरची मुदत संपत होती. बाहेरच्यांना सांगतो, आता रीळ नसतं. पिक्चर मशीनमध्ये कुलूप लावलेला येतो आणि त्याची चावी वितरक मेलवर पाठवतो. चावीवर तारीख असते. शुक्रवारी नवीन आठवडा, गुरुवारी रात्री चावी मेली. मग तुम्ही काहीही दाबा, पडद्यावर एक अक्षर उमटत नाही.

तिला इसाकभाईंकडून कळलं होतं. "भाऊ, काडू नका तो."

"माझ्या हातात नाही, बाई."

"मंग तो येल, नि मी नसन सांगायला."

मी वितरकाच्या ऑफिसातल्या त्या पोराला फोन केला आणि खोटं सांगितलं, दुपारच्या खेळाला अजून चांगली माणसं येतायत, एक आठवडा वाढव. त्याला आश्चर्य वाटलं, पण दुसरा मोठा पिक्चर येणार नव्हता. चावी आली. इसाकभाई माझ्याकडे बघत राहिले. "जाधव, तू पण लागलास त्या नादाला?"

"तिच्यासाठी केलं," मी म्हटलं.

"ते मला समजतंय," ते म्हणाले. "पण तू आता त्या जागेला रोज खिडकीशी उभा असतोस, ते कोणासाठी?"

हे खरं होतं. मला ते सात सेकंद चुकवता येत नव्हते. बाकीचा सगळा खेळ मी वर्तमानपत्र वाचत काढायचो, पण दोन पंचवीस झाले की उठायचो. हॉलमध्ये जागं कोणी नसेल तर म्हातारा माझ्याकडे बघायचा. काचेतून, लांबून, पण माझ्याकडेच.

त्या वाढीव आठवड्यात सोमवारी ती आली, उभी राहिली, बोलली, गेली. जाताना म्हणाली, "गुरुवारी शेवटचं ना? शेवटचं सांगते नि त्याला नीट वाटंला लावते."

बुधवारपासून पाऊस कोसळला. गुरुवारी सकाळी सावित्री नदीचं पाणी बाजाराच्या तोंडाशी आलं होतं. कशेडीत दरड आली, रस्ता बंद, अशी बातमी इसाकभाईंनी छत्री झाडता झाडता दिली. बाराला एकही माणूस नाही. कारखान्याच्या बसगाड्याच आल्या नव्हत्या, तर झोपायला तरी कोण येणार? मालकांचा नियम होता, तिकीट नसेल तर खेळ नाही.

"बंद कर नि घरी चल," इसाकभाई म्हणाले. "पाणी चढलं तर अडकशील."

"तुम्ही व्हा पुढे."

ते दारात थांबले. "ती बाई आज नाही येऊ शकत, जाधव. नि तिचा माणूस पण नाही पोचू शकत. तिथे त्याला काही झालं तर तुझ्या पडद्यामुळे नाही होणार."

"माहीत आहे मला."

ते गेले. मी बारा पाचला खेळ सुरू केला. रिकाम्या हॉलसाठी मी पहिल्यांदाच पिक्चर लावला होता. चाहत्यांसाठी केलेल्या जागा एकामागून एक येत होत्या. नायक घड्याळाकडे बघून थांबायचा. जुनी मोटार दिसली की सगळे थांबायचे. कोणीतरी टोपी काढायचं आणि थांबायचं. पिक्चरभर माणसं कोणाची तरी वाट बघत उभी राहत होती, आणि समोर नुसत्या खुर्च्या. पाच आठवडे चालवलेल्या त्या पिक्चरचं मला भय वाटायला लागलं.

दोन वीसला मी केबिन सोडली. जिना उतरून, मधल्या रांगेच्या टोकाला तिच्या खुर्चीवर जाऊन बसलो. ठरवलं होतं की तिच्या वतीने बोलायचं. दोन शब्द. आज नाही. त्यात काय होतं?

दार उघडलं. उजेड पायांपासून वर चढला. इतक्या जवळून मी तो माणूस कधी बघितला नव्हता. संगीत थांबलं. वर पत्र्यावर पाऊस होता, आणि तोही आता त्या दाराबाहेरचाच वाटत होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी उठून उभा राहिलो आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की यशोदाबाईंच्या नवऱ्याचं नाव मला माहीत नाही. तीन आठवडे ती जिना चढून आली, मी तिला मशीन समजावलं, चावी समजावली, वेळेचा हिशोब करून दिला, पण त्या माणसाचं नाव विचारलं नाही. नुसतं "आज नाही" म्हणायचं, तर कोणासाठी? आणि दुसरंही काही आड आलं. उत्तर दिलं, म्हणजे त्याने विचारलं होतं हे मी कबूल केलं, असं काहीतरी. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. तो वाट बघत राहिला. मग म्हणाला, "चलो, बहुत देर हो गई," आणि पुढचा शॉट आला.

खेळ संपेपर्यंत मी तिथेच उभा होतो.

यशोदाबाई त्यानंतर महिन्याभराने आली. दवाखान्यातून कसला तरी दाखला न्यायचा होता. कपाळ मोकळं होतं, त्यामुळे मला विचारावं लागलं नाही. मी तिला आमच्या पायरीवर बसवलं. इसाकभाईंनी चहा मागवला. तिने सगळं सांगितलं. गुरुवारी सकाळपासून ह्यांना धाप लागली होती. माणसांनी डोलीत घालून दरडीपर्यंत नेलं, पलीकडे गाडी उभी होती, पण मधला चिखल ओलांडता येईना. ह्यांनी नोकरीभर त्याच घाटात बांधकाम खात्याच्या टोळीत दरडी उपसल्या होत्या. उपसायला किती वेळ लागेल ते ह्यांनीच बघून सांगितलं, आणि घरी परत न्या म्हणाले. शुक्रवारी पहाटे गेले.

इसाकभाई कप घेऊन आत गेले, ते मुद्दामच असावं. तिने मला विचारलं, "भाऊ, त्या दिवशी शिनेमा लावला व्हता?"

"लावला होता."

"कोन व्हतं का बगायला?"

"मी खाली जाऊन बसलो होतो. तुमच्या जागेवर."

तिने माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच मी तिचा चेहरा नीट बघत होतो.

"तुमी बोललात त्याला? ह्यांचं नाव घेऊन?"

"हो," मी म्हटलं. "घेतलं."

कोणतं नाव घेतलं, ते तिने विचारलं नाही. पदराने तोंड पुसलं आणि उठली. "मंग बरं झालं, भाऊ," ती म्हणाली. "माज्या जिवाला घोर लागला व्हता. मला वाटलं, तिथं कोनीच नव्हतं."